आजेसासऱ्यांचे २०,००० डॉलर आता मिळतील का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात मांडते. तुम्ही सनीव्हेलला राहता, पत्नी जपानी-अमेरिकन. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, अमेरिकी सरकारने पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना घरे सोडायला लावून छावण्यांत, म्हणजे ‘कॅम्प’मध्ये, स्थानबद्ध केले; त्याबद्दल १९८८ च्या कायद्याने माणशी २०,००० डॉलर देऊ केले. तुमच्या पत्नीचे आजोबा आणि आई त्या कॅम्पमध्ये होते. सासूबाईंना मेमरी केअरमध्ये, म्हणजे विस्मरणाच्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या निवासात, हलवल्यावर त्यांचे घर आवरताना बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात तीन वस्तू सापडल्या. दोरी ओवलेला पुठ्ठ्याचा टॅग, त्यावर पाच आकडी नंबर. आजेसासऱ्यांच्या नावाने आलेले न्यायखात्याचे १९५२ चे पत्र, ८७० डॉलर मंजूर झाल्याचे. आणि सासूबाईंच्या नावाचे व्हाइट हाउसचे पत्र, खाली क्लिंटन यांची सही. आजेसासूबाई आधीच गेलेल्या, आजेसासरे मार्च १९८७ मध्ये. सासूबाईंना २०,००० डॉलर मिळाले, मग त्यांच्या वडिलांचे कुणी मागितलेच नाहीत का, आता मागता येतील का, ८७० चा दावा पुन्हा उघडता येईल का, असे तुम्ही विचारता. जाता जाता पेरूहून आणलेल्या एका नातेवाइकांचा आणि भारताचाही उल्लेख आहे.

पैशाचे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचे शांतपणे वाचता येईल. आजेसासऱ्यांचे २०,००० मिळणार नाहीत. ८७० चा दावा उघडणार नाही. पण तुमच्या घरात पैशाचा एक प्रश्न मात्र खरोखर जिवंत आहे आणि तो तुम्ही विचारलेला नाही. तो सासूबाईंच्या स्वतःच्या २०,००० चा. त्याकडे शेवटी येते.

माझ्याबद्दल दोन वाक्ये. मी इथे कॅलिफोर्नियात इच्छापत्रे आणि वारसा यांचे काम करते. १९९० मध्ये वकील झाले नव्हते, सॅन होजेत एका लहान ऑफिसात पॅरालीगल, म्हणजे वकिलांची मदतनीस, होते आणि शनिवारी जपानटाऊनमधल्या एका सभागृहात टेबल मांडून लोकांचे रिड्रेसचे कागद तयार करून द्यायचे. ते आठ वर्षे चालले. जपानी-अमेरिकन लोकांत ‘रिड्रेस’, म्हणजे अन्यायाचे परिमार्जन, हाच शब्द रूढ आहे आणि मीही तोच वापरते, कारण ‘नुकसानभरपाई’ म्हटले की सगळा घोटाळा सुरू होतो. तुमच्या प्रश्नातला घोटाळाही तोच आहे.

कायदा झाला १० ऑगस्ट १९८८ रोजी. अध्यक्ष रेगन यांनी सही केली. अट अशी की त्या दिवशी माणूस जिवंत हवा. आजेसासरे सतरा महिने आधी गेले. त्या सतरा महिन्यांतच सगळे घडले: १७ सप्टेंबर १९८७ ला, म्हणजे राज्यघटनेला दोनशे वर्षे झाली त्या दिवशी, प्रतिनिधीगृहात विधेयक २४३ विरुद्ध १४१ मतांनी पार पडले, आणि पुढच्या एप्रिलमध्ये सिनेटमध्ये. विधेयकाचा क्रमांक ४४२ मुद्दाम घेतलेला होता, युद्धात लढलेल्या जपानी-अमेरिकन ४४२ व्या पलटणीचा. हे सगळे आजेसासऱ्यांना बघायला मिळाले नाही. पण कुणी मागितले नाहीत म्हणून त्यांचे पैसे बुडाले, असे अजिबात नाही. मागण्याजोगे काही निर्माणच झाले नव्हते. सासूबाईंनी तेव्हा हयगय केली असे घरात कुणाच्या मनात असेल तर ते आजच काढून टाका.

आता याचे कारण, कारण निव्वळ तारीख सांगितली की ती मनमानी वाटते.

आपल्या डोक्यात वारसाहक्क शेतजमिनीसारखा असतो. वडिलांचे येणे होते, ते गेले, आता ते आपले येणे. वारसाचे काम करणाऱ्या मलाही सुरुवातीला तसेच वाटायचे. पण १९८८ च्या कायद्याने मालमत्तेचे पैसे दिलेच नाहीत. दिले ते माणसाचे स्वातंत्र्य हिरावले म्हणून, आणि माणशी एकच रक्कम. ज्याचे शंभर एकर गेले त्याला २०,००० आणि कॅम्पमध्ये जन्मलेल्या तान्ह्या बाळालाही २०,०००. हा आकडा कुणाच्या नुकसानीच्या हिशेबातून आलेला नाही. जपानी-अमेरिकन सिटिझन्स लीग या संघटनेने १९७८ मध्ये २५,००० मागितले होते, पुढे सरकारच्या चौकशी आयोगाने १९८३ मध्ये २०,००० ची शिफारस केली, तीच कायम झाली. स्वातंत्र्य ही वस्तू ज्याची त्याची. ती वारसाला उतरत नाही, असा त्यामागचा विचार. तो बरोबर की चूक यावर मी तुमच्याशी तासभर वाद घालू शकते. पैशाची बाजूही होतीच: १९४२ मध्ये हलवलेली माणसे सुमारे सव्वा लाख, त्या सर्वांच्या वारसांना द्यायचे तर विधेयक पार पडलेच नसते. आयोगाने हयात लोकांचा अंदाज ६०,००० धरला होता. निघाले ८२ हजारांहून अधिक. म्हणून १९९२ मध्ये आणखी ४० कोटी डॉलरची सोय करावी लागली.

१० ऑगस्ट १९८८ नंतर एखादा पात्र माणूस वारला तर? मग पैसे वारसांना जायचे, पण ‘वारस’ कोण हे कायद्याने स्वतःच ठरवले होते. आधी पती किंवा पत्नी, तेही मृत्यूपूर्वी निदान वर्षभर लग्न झालेले असेल तर. ते नसेल तर मुले, सारख्या वाट्याने. मुले नसतील तर आईवडील. तेही नसतील तर पैसे परत निधीत. इच्छापत्रात काय लिहिले आहे याला काडीची किंमत नव्हती.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. १९९१ मध्ये गिलरॉयकडचा एक म्हातारा माझ्या टेबलाशी यायचा, आयुष्यभर लसूण आणि टोमॅटोच्या शेतांवर राबलेला, लग्न न केलेला. कागद पूर्ण केले. चेक यायच्या आधी तो गेला. त्याच्याच घरात राहून त्याचे सगळे करणारी बहीण पुढच्या शनिवारी आली आणि मी बेधडक सांगून बसले, ‘काळजी करू नका, आता तुम्हाला मिळतील.’ सोमवारी कलम वाचले. भावंडांचा उल्लेखच नव्हता. तिला फोन करून शब्द परत घ्यावा लागला. ती म्हणाली, ‘शिकाता गा नाई.’ इलाज नाही, अशा अर्थाचा जपानी वाक्प्रचार. त्यातला ‘नाई’ आपल्या ‘नाही’सारखाच ऐकू येतो आणि अर्थही तोच. त्या दिवसापासून वारसाचे कलम आधी वाचल्याशिवाय मी कुणाला हो म्हणत नाही.

तर वारसांची वाट बंद. मुदतीचीही वाट बंद: निधीला कायद्याने दहा वर्षांची मर्यादा होती आणि ही कचेरी, न्यायखात्यातली ‘ऑफिस ऑफ रिड्रेस अॅडमिनिस्ट्रेशन’, फेब्रुवारी १९९९ मध्ये मिटली. म्हणजे आजेसासरे १९८९ मध्ये गेले असते आणि अर्ज राहिला असता, तरी आज उत्तर हेच आले असते.

आता ८७० डॉलरचे पत्र. मला विचाराल तर डब्यातली सर्वांत बोलकी वस्तू हीच आहे.

१९४८ मध्ये ट्रुमन यांनी सही केलेला एक वेगळा कायदा होता, स्थानबद्धतेमुळे झालेल्या मालमत्तेच्या नुकसानीच्या दाव्यांचा. तो खरा ‘नुकसानभरपाई’चा. त्यात स्वातंत्र्याचे, मनस्तापाचे काही नाही, बुडालेल्या मजुरीचे नाही, अपेक्षित नफ्याचे नाही. फक्त वस्तू आणि जमीन, आणि तीही पुराव्यानिशी. आता बघा काय झाले असेल. १९४२ मध्ये सांगितले गेले, हातात मावेल तेवढेच घ्या. सांता क्लारा खोऱ्यातल्या कुटुंबांची नोंदणी मे अखेरीस सॅन होजे स्टेट कॉलेजच्या व्यायामशाळेत झाली. तुमचा टॅग बहुधा तिथलाच. प्रत्येक कुटुंबाला एक नंबर आणि तो नंबर माणसाच्या कोटाला आणि बॅगेला. तिथून रेल्वेने लॉस एंजेलिसजवळच्या सांता अनिता रेसकोर्सवर, जिथे बऱ्याच जणांना घोड्यांचे तबेले राहायला दिले होते, आणि मग वायोमिंगमध्ये हार्ट माउंटनला. आता या प्रवासात फ्रिजची पावती कोण जपून ठेवणार? आणि सहा वर्षांनी सरकार विचारते, पावती कुठे आहे.

माझे वडील तासगाव तालुक्यात तलाठी होते. कागद नसेल तर माणूस कसा उघडा पडतो ते मी लहानपणापासून ओसरीवर बघत आले. पण इथे गोष्ट त्याहून वाईट होती. तुम्ही लिहिता की आजेसासरे स्ट्रॉबेरी करायचे. ते बहुधा इस्सेई, म्हणजे जपानहून आलेली पहिली पिढी. इस्सेईंना तेव्हा अमेरिकेचे नागरिक होता येत नव्हते आणि जो नागरिक होऊ शकत नाही त्याला कॅलिफोर्नियात १९१३ च्या कायद्याने शेतजमीन विकत घेता येत नव्हती. (१९२३ च्या भगतसिंग थिंद यांच्या निकालानंतर हाच कायदा इथल्या पंजाबी शेतकऱ्यांनाही लागला. आपण परके नाही आहोत या कथेला.) मग लोक काय करायचे? इथे जन्मलेल्या मुलाच्या नावावर जमीन घ्यायची, ओळखीच्या गोऱ्या माणसाच्या नावावर ठेवायची, किंवा तोंडी बोलीवर अर्धलीने कसायची. सातबाऱ्यावर नाव एकाचे आणि कसतो दुसराच, असे म्हणा. अशा माणसाने काय पुरावा दाखवायचा? आणि स्ट्रॉबेरीचे मे महिन्यातले नुकसान म्हणजे काय, हे महाबळेश्वर-पाचगणीच्या शेतकऱ्याला सांगायला नको. फळ लागलेले आणि दाराशी गाडी उभी. पण पुढे मिळाले असते ते उत्पन्न कायद्याने धरायचेच नव्हते.

दावे इतके संथ चालले की १९५१ मध्ये दुरुस्ती आली: तडजोड करणाऱ्याला ग्राह्य रकमेच्या पाऊणपट किंवा २,५०० डॉलर, यांतले जे कमी असेल ते लगेच. लोक थकलेले होते. बहुतेकांनी ते घेतले. तुमच्या पत्रातले आकडे असेच वाचा. मागितले १,९८०. ग्राह्य धरले १,१६०. त्याचे पाऊण ८७०. खाली सही केली की पुढचा सगळा हक्क संपला. देशभर मिळून मागण्या झाल्या सुमारे १४.८ कोटी डॉलरच्या, वाटले गेले ३.७ कोटींच्या आसपास. व्याज नाही. म्हणून ‘पुन्हा उघडता येईल का’ याचे उत्तर नाही. तो निकाल नव्हता, तडजोड होती, आणि तिच्यावर आजेसासऱ्यांची सही आहे.

या दोन कायद्यांतला खरा फरक रकमेचा नाही, असे माझे मत झाले आहे. १९४८ मध्ये सिद्ध करण्याचे ओझे गमावणाऱ्यावर होते. १९८८ मध्ये ते सरकारवर टाकले. कायद्याने अॅटर्नी जनरलला सांगितले की पात्र माणसे तुम्हीच शोधा, तुमच्याच दप्तरातून. त्यांनी अर्ज करण्याची वाट बघू नका. दोन्ही बाजूंचा पुरावा सारखा पडला तर निकाल त्या माणसाच्या बाजूने द्यायचा, हेही कायद्यातच. कचेरीने कॅम्पच्या जुन्या याद्या घेतल्या आणि सोशल सिक्युरिटीसारख्या नोंदींशी ताडून माणसे शोधली. पैसे द्यायला सुरुवात वयाने सर्वांत मोठ्यांपासून. ९ ऑक्टोबर १९९० रोजी वॉशिंग्टनच्या समारंभात पहिल्या नऊ जणांत १०७ वर्षांचे पाद्री मामोरू एतो होते. त्यांच्या चाकाच्या खुर्चीपुढे अॅटर्नी जनरल थॉर्नबर्ग यांनी गुडघे टेकून चेक दिला.

मग माझ्या टेबलाचे काम काय उरले? नावे जुळवणे. यादीत एक नाव, जन्मदाखल्यावर दुसरे, लग्नानंतर तिसरे आणि शाळेतल्या बाईंनी ठेवलेले ‘मेरी’ किंवा ‘जॉर्ज’ चौथे. जपानी नावाचे स्पेलिंग कॅम्पच्या कारकुनाने ऐकले तसे लिहिलेले. आपल्याकडे आधार आणि रेशनकार्डावर जे होते तेच. तेव्हा कुटुंबाचा नंबर उपयोगी पडायचा. चार चार नावांची बाई त्या एका नंबरावर एकच आहे हे दिसायचे. एक आजी, बर्कलीच्या निवृत्त शिक्षिका, नंबर विचारला की डोळे मिटून एका दमात म्हणायच्या, पाढा म्हणावा तसा. त्यांना स्वतःचा फोन नंबर आठवत नसे.

सगळे आनंदाने कागद घेऊन आले असे मात्र समजू नका. पैसे घेणे म्हणजे आबरूची किंमत लावणे, असे मानणारे खूप होते. कॅलिफोर्नियाचे सिनेटर हायाकावा स्वतः जपानी वंशाचे, कॅनडात जन्मलेले, युद्धकाळात शिकागोत असल्यामुळे कॅम्पबाहेर राहिलेले. त्यांचा पैसे देण्याला उघड विरोध होता. उलट सॅन होजेचेच नॉर्मन मिनेटा दहा-अकरा वर्षांचे असताना हार्ट माउंटनला होते आणि पुढे काँग्रेसमध्ये त्यांनी हे विधेयक रेटले. तुमच्या सासूबाई आणि ते एकाच कुंपणाच्या आत होते.

तुम्ही कोर्टाचे विचारले नाही, पण पुढचा प्रश्न तोच येतो, म्हणून लगेच सांगते. कोर्टात जाऊन झाले आहे. १९८३ मध्ये विल्यम होरी आणि इतरांनी सर्व स्थानबद्धांच्या वतीने अब्जावधी डॉलरचा सामूहिक दावा लावला होता. तो मुदतीच्या आणि सरकारवर दावा लावण्याच्या मर्यादांच्या मुद्द्यांवर पडला आणि ऑक्टोबर १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकायला नकार दिला. त्याच १९८३ मध्ये घर सोडण्याचा हुकूम न मानल्याबद्दल फ्रेड कोरेमात्सु यांना झालेली चाळीस वर्षे जुनी शिक्षा सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायाधीश मॅरिलिन हॉल पटेल यांनी रद्द केली, कारण सरकारने १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापासून महत्त्वाचे कागद दडवल्याचे उघड झाले होते. पण शिक्षा रद्द होणे वेगळे, पैसे मिळणे वेगळे. शिवाय रिड्रेसचा चेक ज्याने स्वीकारला त्याचे अमेरिकी सरकारविरुद्धचे यासंबंधीचे सगळे दावे तिथेच संपले, अशी अट होती.

पेरूचे आता. सासूबाईंच्या मावशीचे यजमान लिमाहून आणलेले, टेक्ससच्या क्रिस्टल सिटीत ठेवलेले, असे तुम्ही लिहिले आहे. मला सर्वांत जास्त चीड येते ती या प्रकरणाची. अमेरिकेने लॅटिन अमेरिकेतल्या देशांकडून सुमारे २,२०० जपानी वंशाची माणसे उचलून आणली, त्यांतली सुमारे १,८०० पेरूची. जपानच्या ताब्यातल्या अमेरिकनांशी अदलाबदल करायला माणसे हवी होती. त्यांचे पासपोर्ट काढून घेतले आणि अमेरिकेत उतरल्यावर बेकायदा शिरल्याचा शिक्का मारला. १९८८ च्या कायद्याची अट होती की स्थानबद्धतेच्या वेळी माणूस अमेरिकी नागरिक किंवा कायम रहिवासी हवा. ज्यांना सरकारनेच ओढून आणून बेकायदा ठरवले ते त्या अटीमुळे बाहेर पडले. १९९६ मध्ये मोचिझुकी खटला झाला, जून १९९८ मध्ये समझोता: ५,००० डॉलर आणि माफीचे पत्र. दावा करायची मुदत १० ऑगस्ट १९९८, म्हणजे जेमतेम दोन महिने. काहींना मागल्या तारखेपासूनचे कायम रहिवासीपण मिळालेले होते, त्यांना पूर्ण २०,००० मिळू शकले. म्हणून तुमच्या या नातेवाइकांचे काय झाले हे त्यांच्या इमिग्रेशनच्या कागदांवर अवलंबून. माझ्या अंदाजाने काही बोलण्यात अर्थ नाही. सॅन होजेत राहणारे आर्ट शिबायामा यांनी ते ५,००० नाकारले. तेरा वर्षांचे असताना त्यांना लिमाहून आणले होते आणि कायदेशीर दर्जा न देताच पुढे अमेरिकी सैन्यात भरती केले होते. ते २०१८ मध्ये वारले. त्यांच्या तक्रारीवर आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोगाने २०२० मध्ये अमेरिकेने हक्क डावलल्याचा निष्कर्ष काढून भरपाईची शिफारस केली. ती शिफारसच. वसूल करायला कोर्टाचा हुकूम नाही.

भारताचे एवढेच: राजस्थानातल्या देवळी इथल्या छावणीत दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी सिंगापूर-मलायाहून आणलेले जपानी नागरिक ठेवले होते आणि १९६२ च्या युद्धानंतर त्याच देवळीत भारत सरकारने आसाम-बंगालमधली चिनी वंशाची सुमारे ३,००० माणसे ठेवली, त्यांत भारतात जन्मलेलीही होती. त्यांच्यासाठी असा कायदा झालेला नाही, माफीही नाही.

आता सासूबाईंचे २०,०००. क्लिंटन यांची सही म्हणजे चेक १९९३ किंवा त्यानंतरचा. ही रक्कम आयकरातून मुक्त होती, हे बहुतेकांना माहीत असते. फारसे माहीत नसलेले असे की गरजेवर आधारित सरकारी मदतीसाठी पात्रता ठरवताना ही रक्कम उत्पन्न किंवा मालमत्ता म्हणून धरायची नाही, असेही त्या कायद्यात लिहिले आहे. मेमरी केअरचा खर्च बघता उद्या तुम्हाला मेडि-कॅलकडे, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या कॅलिफोर्नियाच्या सरकारी आरोग्य योजनेकडे, जावे लागू शकते. तेव्हा हे कलम कामाला येईल, पण ते पैसे आजही वेगळे दाखवता आले तर. माझ्या अनुभवात निसेई, म्हणजे अमेरिकेत जन्मलेल्या दुसऱ्या पिढीतल्या, बायका हा चेक घरखर्चात टाकत नसत. वेगळे पासबुक, वेगळे सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट (मुदत ठेव), कधीकधी नातवंडांच्या नावाने. सासूबाईंची १९९३ पासूनची बँकेची कागदपत्रे फेकायच्या आधी बघा. पैसे इतर बचतीत मिसळले असतील तर काम अवघड होते, अशक्य नाही. आणि त्यावरचे व्याज वेगळे धरले जाईल का, हा प्रश्न तुमच्याकडच्या मेडि-कॅलच्या वकिलालाच कागद दाखवून विचारा. इथे मी आकडा न बघता सल्ला देणार नाही. गिलरॉयच्या बहिणीनंतर नाहीच.

राहिला टॅग. तो लॅमिनेट करू नका, दोरीही बदलू नका. त्यावरचा नंबर आणि ‘हार्ट माउंटन’ हे नाव घेऊन नॅशनल आर्काइव्ह्जकडे आजेसासऱ्यांची कॅम्पमधली वैयक्तिक फाइल मागवा. युद्धकाळात या छावण्या चालवणाऱ्या वॉर रिलोकेशन ऑथॉरिटीच्या दप्तरात प्रत्येकाची फाइल आहे. मृत माणसाची मागताना मृत्यूचा दाखला जोडा. फायली जाड-बारीक असतात. कुणाच्यात चार कागद, कुणाच्यात चाळीस: बाहेर कामाला जायची परवानगी, दवाखान्याच्या नोंदी, निष्ठा तपासणारी ती कुप्रसिद्ध प्रश्नावली, आणि नशीब असेल तर घरी काय काय सोडून आलो त्याची यादी. १९५२ च्या पत्रावर दाव्याचा क्रमांक असेल तर न्यायखात्याच्या जुन्या दाव्यांतली फाइलही वेगळी मागता येते. आजेसासऱ्यांनी १,९८० चा हिशेब कसा केला होता, किती डॉलर ट्रॅक्टरचे, किती शिलाई मशीनचे, ते त्यात आयटमवार असते. मी अशी एक फाइल पाहिली आहे जिच्यात शेवटची ओळ होती ‘कोंबड्या, ४०’, आणि तपासणाऱ्याने त्यापुढे पेन्सिलीने ३० केले होते.

मागणी अर्ज तुमच्या पत्नीने करावा, तुम्ही नाही. रक्ताचे नाते दाखवणे सोपे जाते. तिचा जन्मदाखला, आईचा जन्मदाखला, आजोबांचा मृत्युदाखला, या क्रमाने लावा आणि नावाचे स्पेलिंग जिथे जिथे बदलते तिथे कडेला पेन्सिलीने लिहून ठेवा.

आणि सासूबाईंचा दिवस बरा असेल तेव्हा त्यांना विचारा, तुमचा ब्लॉक कोणता होता. १९३८ चा जन्म म्हणता, म्हणजे कॅम्प सोडताना सात वर्षांच्या असतील. कालचे जेवण आठवत नसले तरी ब्लॉक, बराक आणि खोलीचा नंबर बहुतेकींना आठवतो. बाथरूम बाहेर होते, रात्री परत येताना सगळ्या बराकी सारख्याच दिसायच्या, म्हणून मुलांकडून तो पाठ करून घ्यायचे. फाइल आल्यावर पहिल्या पानाशी ताडून बघा.